खाली नाव कुणाचं

विदिन गावात सगळ्यात जास्त वाचला जाणारा माणूस कोण, असं विचारलं तर लोक एखाद्या कवीचं नाव घेतील, नाहीतर महापौराचं. साफ चूक. बावीस वर्षं अख्खं गाव जे रोज थांबून, चष्मा पुसून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होतं ते सगळं गेन्चो राय्नोवच्या हातचं होतं. झाडांच्या बुंध्यांवर, घरांच्या दारांवर, बसथांब्यावर, बेकरीच्या काचेवर. त्यावर गेन्चोचं नाव मात्र कधी नसायचं, कारण ती निधनपत्रकं होती.

इस्पितळाच्या फाटकासमोर, दोन पायऱ्या उतरून त्याचं दुकान. एक खिडकी, एक खुर्ची, एक छपाईचं यंत्र, आणि त्या यंत्राला काळ्या शाईखेरीज दुसरा रंग ठाऊक नाही. माणूस गेला की घरचे फोटो घेऊन पायऱ्या उतरायचे. गेन्चो फोटो साफ करायचा आणि भोवती काळी चौकट टाकायचा, बाहेर जाड रेघ, आत बारीक रेघ. मध्ये चेहरा. चेहऱ्याखाली नाव आणि वय, मग वार, वेळ, जागा. सगळ्यात शेवटी, उजव्या कोपऱ्यात, मागे राहिलेल्यांची नावं. चाळीस दिवसांनी तेच पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. गावातली तरुण मंडळी सोफियाला नाहीतर जर्मनीला निघून गेली, शाळा ओस पडल्या, पण गेन्चोच्या धंद्याला म्हणून मरण नव्हतं.

तसा तो चित्रकलेचा विद्यार्थी. तर्नोवोला शिकला, अक्षरं काढण्यात वर्गात पहिला. आई आजारी पडली म्हणून सहा महिन्यांसाठी गावी आला आणि हे दुकान धरलं. सहा महिन्यांची बावीस वर्षं झाली. जुने वर्गमित्र भेटले की विचारायचे, "काय करतोस हल्ली?" हा म्हणायचा, "छोटासा स्टुडिओ आहे." म्हणायचा आणि लगेच दुसरीकडे बघायचा. अरे, चोरी करतोस की काय? पण नाही. त्याला त्या कामाची लाज वाटायची ती वाटायचीच, आणि माणसाला एकदा लाजेची सवय लागली की ती सहजी सुटत नाही.

त्याचं हे दुकान पुरतं ओळखून असलेला एक माणूस होता, दोब्री काल्चेव. गावच्या थिएटरात चाळीस वर्षं प्रोजेक्टर चालवलेला. थिएटर बंद पडलं तेव्हा या गड्याने प्रोजेक्टर हातगाडीवर घालून जुन्या टपाल गोदामात नेला आणि पाच-सहा सिनेमावेड्यांना जमवून मंडळ काढलं. नाव ठेवलं 'तिसरी रांग', कारण त्याच्या मते सिनेमा बघायची खरी जागा तीच. बायको गेली तेव्हा दोब्रीकाका गेन्चोकडे आला होता. बायकोचा हसतानाचा फोटो आणला होता. "गंभीर नको. ती गंभीर कधी नव्हतीच," म्हणाला. गेन्चोने त्या फोटोवर दोन तास काढले. काका शेजारी बसून बघत राहिला आणि जाताना म्हणाला, "पोरा, तू चित्रकार आहेस." इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्यासाठी कुणी वापरला नव्हता.

पुढे सोफियाहून इस्क्रा परत आली. पस्तिशीची बाई, तिकडे चार लघुपट केलेले, बोलणं तोफेच्या गोळ्यासारखं. तिने मंडळात जीव आणला. माहितीपट बनू लागले, जे सिनेमे कुठलंच थिएटर लावत नाही ते गोदामात लागू लागले. आता तिला मंडळाला चेहरा हवा होता. एक चिन्ह, एकाच वळणाची अक्षरं, तिकिटं, पोस्टरं, बघताक्षणी कळलं पाहिजे की हे 'तिसरी रांग'चं.

"माझ्या ओळखीचा एक चित्रकार आहे," दोब्रीकाका सोबत आणलेल्या गेन्चोकडे बोट दाखवत म्हणाला.

"काय करतात ते?" इस्क्राने विचारलं.

"स्टुडिओ आहे," गेन्चो पटकन म्हणाला. काकाने त्याच्याकडे एकवार बघितलं.

दोन महिने गेन्चो खपला. दिवसा मेलेल्यांचं काम, संध्याकाळी जिवंतांचं. ठिपक्यांच्या तीन रांगा काढल्या आणि तिसऱ्या रांगेतला एक ठिपका गाळला. ती तुमच्यासाठी धरून ठेवलेली खुर्ची. अक्षरं सगळी हाताने काढली. आणि दर खेळाच्या पोस्टरवर मंडळातल्या एकाचा चेहरा, गडद लाल चौकटीत. हे सगळं त्याने गोदामातल्या पडद्यावर दाखवलं तेव्हा लोक टाळ्या वाजवायचे थांबेनात. गेन्चोचे कान लालबुंद झाले.

पहिला चेहरा अर्थातच दोब्रीकाकाचा. मंडळाचा पहिला सिनेमा महोत्सव ज्या शुक्रवारी सुरू होत होता त्याच दिवशी काकाला ऐंशी पूर्ण होत होती. इस्क्रा म्हणाली, "आणि गेन्चोदादा, खाली तुमचं नाव घाला बरं का. लाजू नका. उजव्या कोपऱ्यात, छोटंसं."

छोटंसं म्हणे! त्या एका नावासाठी तो चौदा वेळा बसला. भिंतीवर आपलं नाव, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं.

पुढे घोटाळा झाला. रंगीत छापणाऱ्याने आठ दिवस मागितले, हातात उरले पाच. गेन्चो म्हणाला, "माझ्या मित्राचं छपाईयंत्र आहे, मी बघतो." मित्र कुठला! रविवारी दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि आपल्याच यंत्रावर दोनशे कागद काढले. लाल चौकट काळी उमटली. बाहेर जाड रेघ, आत बारीक रेघ. मध्ये चेहरा. 'दोब्री काल्चेव, ८०'. शुक्रवार, सात वाजता, जुनं टपाल गोदाम. शेवटी उजव्या कोपऱ्यात, 'गेन्चो राय्नोव'. तीन रांगांचं ते चिन्ह खाली इतकं बारीक आलं की शाईचा डाग वाटावा. गेन्चोने पहिला कागद उजेडाला धरला, वरखाली बघितला, आणि त्याच्या डोळ्याला काहीही खुपलं नाही. तिथेच तर चुकलं. बावीस वर्षं जे बघत आला तेच त्याला दिसलं, आणि अगदी नीट दिसलं.

वर शहाणपणा असा की कागद चिकटवायला स्वतः गेला. लोक कुठे थांबून वाचतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? झाडांचे बुंधे, बेकरी, बसथांबा, आणि दोब्रीकाकाच्या इमारतीचं दार.

मंगळवारी सकाळी काकाच्या शेजारच्या इमारतीतली पेत्रानामावशी बेकरीपाशी थबकली, छातीवर क्रूस काढला आणि घरी जाऊन मयताच्या घरी न्यायचे गहू शिजत घातले. साखर, अक्रोड, सगळं साग्रसंगीत. डोक्याला काळा रुमाल बांधून तीन जिने चढली. दार उघडलं खुद्द दोब्रीकाकाने, अंगात बनियन, गालाला साबण.

"अरे देवा! तू जिवंत?"

"सकाळपर्यंत तरी होतो. का गं?"

"मेल्या, गावभर लागलायस की तू!"

"बरं, गहू आणलेस ना? मग आत ये. थंड झाले की गिळवत नाहीत."

दोघांनी मिळून काकाच्या मर्तिकाचे गहू चाटूनपुसून खाल्ले. हसून हसून मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण इकडे गेन्चोला रस्त्यात वेल्को न्हाव्याने गाठलं आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "देव त्यांना क्षमा करो. तुझे कोण लागायचे रे? खाली तुझ्या एकट्याचंच नाव आहे, म्हणून विचारतो." गेन्चोला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याने हात सोडवून घेतला. आपल्या नावाची जागा कुठली, हे साऱ्या विदिनमध्ये फक्त त्यालाच कळलं नव्हतं. तो धावत बुंध्याबुंध्यांवरून कागद ओरबाडत सुटला, तर बायका ओरडल्या, "अरे, मेलेल्या माणसाचा कागद फाडतोस? लाज नाही वाटत?"

वाटत होती की. आणखी किती वाटायला हवी होती?

शुक्रवारी गोदामात जेमतेम आठ जण आले, काका जिवंत असल्याचं ज्यांच्या कानावर आलं नव्हतं तेच, तेही समसंख्येत फुलं घेऊन, म्हणजे मयताला नेतात तशी. पडद्यावर सिनेमा सुरू झाला तेव्हा त्यातले पाच तोंडात पुटपुटत उठून गेले. सोफियाहून आलेले पाहुणे रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले. इस्क्रा प्रोजेक्टरच्या खोलीत जाऊन रडली.

शनिवारी बैठक. इस्क्राने तो काळा कागद टेबलावर ठेवला. आवाज शांत होता, त्याचीच भीती वाटत होती.

"चौकट लाल होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. काळी कुणी केली?"

सगळे गेन्चोकडे बघू लागले. खरं सांगायला किती शब्द लागणार होते? माझं निधनपत्रकांचं दुकान आहे, माझ्या यंत्राला काळाच रंग येतो, आणि माझ्या लक्षात आलं नाही. बस, एवढंच. पण 'दुकान' हा शब्द घशात अडकला तो अडकलाच. समोर दोब्रीकाका बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. आणि गेन्चोच्या तोंडून निघालं, "काकाच म्हणाले, काळी कर. जुन्या सिनेमासारखी दिसेल म्हणून."

झालं. वड्याचं तेल वांग्यावर. तेही कुठल्या वांग्यावर, तर ज्याने याला चित्रकार म्हटलं त्याच्यावर!

इस्क्रा काकाकडे वळली. "खरं का हे?"

काकाने टोपी उचलली, आतून बघितली, पुन्हा मांडीवर ठेवली. गेन्चोला वाटलं, आता हा बोलणार. बोललाच तर बरं होईल, असंही त्याला क्षणभर वाटलं. काका म्हणाला, "हो, मीच म्हणालो. म्हातारपण. डोकं चालत नाही."

"काका, तुम्ही पण ना!" इस्क्रा एवढंच बोलली. पण पुढच्या बैठकीपासून काकाला कुणी काही विचारेनासं झालं. बोलू लागला की लोक एकमेकांकडे बघून हसायचे. महिनाभराने प्रोजेक्टरच्या खोलीची किल्लीही त्याच्याकडून काढून घेतली, "तुम्हाला उगाच त्रास नको" म्हणत. ज्याने प्रोजेक्टर हातगाडीवर ओढत आणला त्याची किल्ली! काकाने ती खिशातून काढून दिली आणि म्हणाला, "मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही." सगळे हसले. गेन्चोही हसला. त्या हसण्याची आठवण आली की तो पुढे रस्त्यातच थांबायचा.

गेन्चोचं चिन्ह मात्र राहिलं, तिकिटांवर, पत्रांवर, दारावर, आणि त्याच्या मागोमाग त्याचं नावही. दर गुरुवारी बैठकीला जाताना तो ठरवायचा, आज सांगायचं. दर गुरुवारी मूग गिळून परत यायचा. लाजेचं असं असतं, पहिल्या दिवशी ती वितभर असते, वर्षाने दारात मावत नाही. मग तो बैठकांनाच जाईनासा झाला. कामं पाठवून द्यायचा. अशी दोन वर्षं.

या जानेवारीत दोब्रीकाका दुकानाच्या दोन पायऱ्या उतरून आला. धाप लागली होती. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तो फोटो जपून ठेवलायस ना? मेलो की तोच लाव. दुसरा शोधू नकोस. त्यात मी बरा दिसतो."

"काका, मला तुम्हाला एक—"

"आणि खाली घालायला माझं कुणी नाही. तुझंच नाव घाल. एकदा घातलंच आहेस."

"काका, त्या दिवशी मी—"

दाराची घंटा वाजली. एक बाई आणि तिचा दीर, हातात पाकिटात फोटो, डोळे सुजलेले. काका लगेच उठला. "तुझं काम बघ, पोरा. ही माणसं आधी," म्हणाला, आणि कठडा धरून पायऱ्या चढू लागला. गेन्चो मागे धावला नाही. उद्या जाऊ, म्हणाला. जन्मभर उद्यावरच तर ढकलत आला होता.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी काका जिन्यात कोसळला तो उठलाच नाही. इस्क्राने ठरवलं, काका देव मानत नव्हता, तेव्हा त्याला गोदामातच, त्याच्या पडद्यासमोर ठेवायचं. शुक्रवारी दुपारी एक वाजता शेवटचं दर्शन. "कागद मी करतो," गेन्चो म्हणाला. तोच फोटो. बाहेर जाड रेघ, आत बारीक रेघ. 'दोब्री काल्चेव, ८२'. शुक्रवार, एक वाजता, जुनं टपाल गोदाम. मंडळाची इच्छा म्हणून कोपऱ्यात ते तीन रांगांचं चिन्ह. शेवटच्या ओळीपाशी हात थांबला. मग त्याने आपलं नाव घातलं, कारण काकाने सांगितलं होतं.

गुरुवारी गावाने कागद वाचला आणि गाव हसलं. "पुन्हा तोच सिनेमा!" बेकरीवाली म्हणाली. "आता काय ब्याऐंशीचा वाढदिवस?"

शुक्रवारी एक वाजता गोदामात तीसेक माणसं. निम्म्यांच्या हातात समसंख्येत फुलं, निम्म्यांच्या हातात सूर्यफुलाच्या भाजलेल्या बियांच्या पुड्या. वेल्को न्हावी बायकोला घेऊन हसतच आत शिरला. "मागच्या वेळी फुलं आणली तर सिनेमा निघाला. या वेळी फसायचो नाही म्हटलं, बिया आणल्या!" दोन-चार जण खो खो हसले. मागून कुणीतरी विचारलं, तिकीट कुठे काढायचं. मग वेल्कोला पडद्यासमोरची पेटी दिसली. "हे काय, नाटक पण आहे वाटतं?" म्हणत तो दोन पावलं पुढे गेला, आणि त्याला काकाचा चेहरा दिसला. त्याने टोपी काढली. बियांची पुडी मुठीत चुरगळली, त्याचा केवढा आवाज झाला.

गेन्चो भिंतीला चिकटून उभा होता. धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं, असं त्याला झालं. हा माणूस आयुष्यभर लोकांना हसवत-खेळवत अंधारात बसवत आला, आणि आज त्याच्या शेवटच्या भेटीला लोक बिया चघळत आले ते गेन्चोच्या एका कागदामुळे. तेव्हा तो पुढे आला. कसा आला, त्याचं त्याला माहीत नाही.

"मला सांगायचंय," तो म्हणाला. आवाज फुटेना म्हणून पुन्हा म्हणाला. "ती काळी चौकट काकांनी सांगितली नव्हती. मी केली. माझा स्टुडिओ-बिडिओ काही नाही. इस्पितळासमोर माझं निधनपत्रकांचं दुकान आहे, तुमच्यातले कितीतरी तिथे येऊन गेलेत. माझ्या यंत्राला काळाच रंग येतो. मला दुकानाची लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो, आणि काकांनी ते स्वतःवर घेतलं. त्यांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. तुम्ही हसायचात ना, ते माझ्यावर हसायला हवं होतं."

इस्क्राच्या गळ्यात दोरीला प्रोजेक्टरच्या खोलीची किल्ली होती. ती तिने मुठीत धरली.

"दोन वर्षं, गेन्चोदादा?" ती म्हणाली.

"दोन वर्षं."

तिने मान फिरवली. गेन्चो तसाच उभा राहिला, हात लोंबकळत. आता जावं की थांबावं, त्याला कळेना. त्याच्या मनात आलं, आपण इथून निघून जावं, आणि त्या कागदांवरून आपलं नाव तरी खोडून टाकावं. ते नाव तिथे शोभत नाही. तो खरोखरच दाराकडे वळला.

तिसऱ्या रांगेतून पेत्रानामावशी उठली. डोक्याला काळा रुमाल, हातात शिजवलेल्या गव्हाचं भांडं.

"कुठे निघालास?"

"नाव खोडायला, मावशी."

"का?"

"मी कोण त्यांचा? त्या कोपऱ्यात माझं नाव नको."

"एवढी वर्षं कागद छापतोस आणि एवढं कळत नाही? कुणाचं नाव असतं रे खाली?"

गेन्चो दारापाशी मागे वळला.

"रडणाऱ्याचं असतं," मावशी म्हणाली. "त्याने सांगून घालून घेतलंय ना तुझं? मग उभा काय राहिलायस? रड की, मेल्या."

आणि गेन्चो पेटीपाशी गेला, गुडघ्यांवर बसला, आणि सगळ्या गावासमोर रडला.